कातारी अज्ञात : दालनातल्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

तुम्ही मांडलेलं कातीव लाकडी वस्तूंचं प्रदर्शन संपलं, वस्तू आपापल्या मालकांकडे परत गेल्या. समारोपाच्या भाषणात दोन वाक्यांत तुमचे आभार उरकणं मनाला पटेना, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, हत्यार धरून लाकूड कातणाऱ्या आम्हा कातारी लोकांना प्रदर्शनाची ठरलेली मांडणी पाठ असते. खेळणी, खाटेचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब एका कोपऱ्यात, 'लोककला' अशा एकाच पाटीखाली. नव्या कलाकारांची पातळ पात्रं मात्र मधल्या चौथऱ्यावर, प्रकाशझोतात आणि नावानिशी. तुम्ही ही वाटणीच मोडलीत. वस्तू कधीची आहे हे न बघता ती कशी कातली आहे हे बघून शेजार ठरवलात.

सायफेनचं कडं आठवतं ना? जर्मनीतल्या या गावात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या लाकडाचं कडं लेथवर कातून त्याचे उभे काप काढतात, आणि प्रत्येक कापातून एक घोडा नाहीतर गाय निघते. कातताना कारागिराला घोडा दिसतच नाही. मान, पाठ, पोट सगळं खाचांच्या खोलीच्या अंदाजावर. तुम्ही अख्खं कडं ठेवून त्यातला एकच काप अर्धा बाहेर ओढून ठेवलात आणि शेजारी अरुंद तोंडाचं आजचं पोकळ पात्र मांडलंत. तेही वाकडं हत्यार आत घालून, कापाच्या आवाजावरून भिंतीची जाडी ओळखत, न बघताच कातलेलं. लोक दोन्हींमध्ये जा-ये करत होते, पात्राच्या तोंडातून आत डोकावत होते. हे शेजारपण मला तरी कधी सुचलं नसतं.

ओल्या लाकडाचा तो वाकलेला वाडगाही तुम्ही परत पाठवला नाहीत. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने, गाभ्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो. हे पाटीवर तीन सोप्या ओळींत लिहिलेलं होतं. त्यानंतर 'हा बिघडलाय का?' असं कुणी विचारलं नाही. लाखेचा डबाही अर्धाच रंगवलेला ठेवलात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, हे कोऱ्या आणि रंगीत भागाच्या सीमेवर बोट फिरवलं की न सांगता कळत होतं. बोट फिरवू दिलंत, हे विशेष.

पण माझे खरे आभार पाट्यांसाठी आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४९ साली जेम्स प्रेस्टिनी यांचे कातीव वाडगे मांडले गेले, ते त्यांच्या नावाने. आणि इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचं एक थडगं आहे. त्याच्या भिंतीवर एक माणूस पट्टा ओढून लाकूड फिरवतोय, दुसरा हत्यार धरून काततोय. लेथच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक. थडगं पेटोसिरिसचं म्हणून जगाला माहीत, त्या दोघांना कोण ओळखतं? तुम्ही प्रत्येक जुन्या वस्तूखाली, नव्या कलाकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात 'कातारी अज्ञात' लिहिलंत. जागा कोरी सोडली नाहीत, 'पारंपरिक' म्हणून भागवलं नाहीत. हे कुणीतरी, एका माणसाने, हाताने केलंय एवढं मान्य केलंत. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा मान ठाऊक नाही.

पाट्यांचा मजकूर तुम्ही मागताक्षणी दिलात, त्याचेही आभार. दुरुस्तीला माझ्याकडे आलेल्या जुन्या वस्तू परत देताना मी आता तशीच पाटी जोडून देतो. झाड कोणतं, कातकाम कोणत्या पद्धतीचं, आणि करणाऱ्याचं नाव मिळालं तर ते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कातारी