ओठ बधिर असेल तर दाढ काढण्याची घाई नको

महोदय,

आपल्याकडे जबड्याचा कॅन्सर म्हटले की तंबाखू-गुटखाच आठवतो. बहुतेकदा ते खरेही असते. पण स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, प्रोस्टेट किंवा थायरॉइडचा कॅन्सर रक्तावाटे जबड्याच्या हाडात पोहोचतो, तेव्हा तोंडात व्रण दिसेलच असे नाही आणि रुग्णाला व्यसनही नसू शकते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण जेमतेम १ टक्का. त्यामुळेच ते नजरेतून सुटतात.

गाठ बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या भागात असते. दाढ दुखते, हलते आणि हनुवटी व खालच्या ओठाची एक बाजू सुन्न होते. हिरडीच्या आजाराने दात हलतो, ओठ बधिर होत नाही. मार नाही, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया नाही, पू नाही, तरी ओठ सुन्न असेल तर जबड्यातल्या नसेभोवती काही वाढते आहे का, हे आधी पाहावे. प्रत्यक्षात दाढ काढली जाते, खड्डा भरत नाही, त्यातून मांस वर येते आणि अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स दिला जातो.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये. हाडातले ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. संशय असल्यास सीटी किंवा एमआरआय करावा. बोन स्कॅनमध्ये (हाडांच्या किरणोत्सारी तपासणीत) जबडा किडक्या दातामुळेही उजळतो, त्यामुळे निदान बायोप्सीनेच होते. तुकडा घेण्यापूर्वी गाठीत सुई घालून रक्त येते का, ते ओढून पाहावे. मूत्रपिंड व थायरॉइडच्या गाठी भळाभळा वाहतात. तुकड्यातला मऊ भाग हाडापासून वेगळा करून तपासणीला पाठवावा. प्रयोगशाळेत हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरले तर मूळ अवयव ओळखणाऱ्या ईआर, टीटीएफ-१, पीएसए यांसारख्या चाचण्या फसू शकतात आणि मूळ कॅन्सर कुठला, हेच कळत नाही. अशा वेळी ईडीटीए हे सौम्य रसायन बरे, वेळ लागला तरी.

झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधे घेणाऱ्यांत उघडे पडलेले हाड औषधामुळेही असू शकते. तिथे कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय चिरफाड करू नये.

दवाखान्यांतील केसपेपरवर मधुमेह-रक्तदाबाची चौकट असते. त्याखाली ‘पूर्वी कॅन्सर झाला होता का, कुठला, कधी’ ही ओळ छापून घ्यावी आणि तेच उत्तर बायोप्सीच्या अर्जावरही लिहावे. स्तनाचा कॅन्सर दहा वर्षांनीही हाडात उगवतो.

– मुखरोगनिदान क्षेत्रातील एक वाचक