बाई, तुम्ही तिसऱ्यांदा आलात

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून घडी घालून कपाटात ठेवलं असतं, कुणाला दाखवलंही नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. माण तालुक्यात ज्यांना तुम्ही डोळ्यांच्या शिबिराला नेलंत, त्यांना नुसतं 'बाई' म्हटलं तरी कळेल.

आईला दिसत नाही हे मला, तिच्या सख्ख्या लेकीला, ठाऊक नव्हतं. मी पुण्याला. रोज फोन व्हायचा आणि रोज "माझं बरं हाय" हेच उत्तर. नागपंचमीला माहेरी आले तेव्हा ती हुलगे निवडत बसली होती. मान वर, नजर दाराकडे, आणि बोटं सुपात. खडा ती बोटांनी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, "लाइट कमी येतीय अलीकडं." भर दुपार होती.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात तुमच्या लायन्स क्लबचं शिबिर लागलं. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. वाचता न येणाऱ्यांसाठी तो तक्ता असतो, ज्यात एकच खूण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेली असते आणि ती कुठल्या बाजूला उघडी आहे ते हातानं दाखवायचं किंवा तोंडानं सांगायचं असतं. आईनं एका दमात सगळं बरोबर दाखवलं. मी चकित झाले. तुम्ही मात्र काही न बोलता तक्ता उलटा धरलात आणि म्हणालात, "आता दाखवा." आईचा हात हवेतच थांबला. पुढच्या बाईची उत्तरं ऐकून तिनं पाठ केली होती.

तुम्ही तिला सगळ्यांदेखत काही बोलला नाहीत. बाजूला नेऊन पाण्याचा पेला हातात दिलात आणि विचारलंत, "कशाची भीती वाटते?" मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. मी नुसती रागावले होते.

आईला मोतीबिंदू होता आणि भीती ऑपरेशनची होती, ती आमच्या शेजारच्या आक्कांमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात त्यांचं ऑपरेशन झालं, डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. आईनं ते जवळून पाहिलं होतं. तुम्ही "असं काही होत नाही" म्हणाला नाहीत. म्हणालात, "होतं कधी कधी. म्हणून तर आता शाळेच्या वर्गात, देवळात ऑपरेशन करत नाहीत. इथं फक्त तपासणी. ऑपरेशन दवाखान्यात, निर्जंतुक खोलीत." आणि स्वतःचा चष्मा काढून पुढे झालात, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा, तिथंच झालंय." तिला अर्थातच काही दिसलं नाही. पण ती पहिल्यांदा हसली.

तरीही ती नाहीच म्हणाली. मोतीबिंदू अजून पिकला नाही, आणि डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करतात, ही तिची दोन कारणं. दोन्ही समजुती आमच्याकडे घरोघरी आहेत. तुम्ही आठ दिवसांनी घरी आलात, ओसरीवर बसलात आणि सांगितलंत की पिकण्याची वाट बघण्याचा काळ गेला, उलट जास्त पिकला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका असतो. ऋतूचाही आता संबंध नाही. आईनं चहा दिला, मान डोलावली, आणि तुम्ही गेल्यावर म्हणाली, "चांगली बाई हाय, पन मी जानार न्हाय."

तिसऱ्यांदा आलात तेव्हा मी पुण्यात होते. त्या दिवशी काय बोललात हे आई आजही नीट सांगत नाही. "माझ्यासंगं हुलगं निवडत बसली दोन तास," एवढंच सांगते. रात्री तिचा स्वतःहून फोन आला, "जाते मी."

त्यानंतर तपासणीत साखर वाढलेली निघाली. वाढलेल्या साखरेत ऑपरेशन केलं तर जखम चिघळायची भीती, म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. इथंच बहुतेकांचं राहून जातं, हे मी आता चार घरांत पाहिलंय. एकदा परत पाठवलं की माणूस पुन्हा जात नाही. तुम्ही दर सोमवारी फोन करत राहिलात. क्लबातले मेडिकलवाले काका दर पंधरवड्याला दहिवडीहून येऊन बोटातून थेंब काढून साखर बघत. गूळ-चहा बंद करायला मी वर्षभर सांगत होते, ते तुमच्या फोननं दोन महिन्यांत झालं.

दसऱ्यानंतर साताऱ्याला जायचं ठरलं. आदल्या दिवशी तुमचा निरोप आला: डोक्यावरून अंघोळ करून घ्या, पुढं बरेच दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ज्यानं स्वतः भोगलंय त्यालाच ते सुचतं.

गाडीत सोबतीला म्हणून मीही होते. अकरा जण, प्रत्येकाच्या पदराला किंवा सदऱ्याला नावाची चिठ्ठी टाचलेली. आईनं मध्येच विचारलं, "डोळ्यात काच बसवनार, टोचंल की?" तुम्ही चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, ते त्या उत्तरात दिसलं. दुसऱ्या महायुद्धात विमानाची काच फुटून तिचे कण वैमानिकांच्या डोळ्यात गेले, लंडनच्या हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्या प्लॅस्टिकच्या काचेनं डोळा सुजत नाही, आणि त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये पहिलं भिंग बसवलं. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे, आमच्या आजीचा होता तसा. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये ही भिंगं आपल्याकडेच बनू लागली आणि किंमत उतरली. गाडीतल्या सगळ्या आज्या कान देऊन ऐकत होत्या. आईनं शेवटी एवढंच ठरवलं, "इमानाची काच हाय, चांगलीच असंल."

मी खर्चाचं विचारलं तेव्हा तुम्ही आढेवेढे न घेता सांगितलंत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालापासून आहे, त्यातून दवाखान्याला ऑपरेशनमागे अनुदान मिळतं. उरलेलं दवाखाना सोसतो आणि गाडी, जेवण, औषधं क्लब बघतो. मग डोळ्यांचंच काम का, असं मी विचारलं. १९२५ साली अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन भरलं होतं, तिथं हेलन केलर यांनी भर सभेत सदस्यांना अंधांसाठी उभं राहायची गळ घातली, तेव्हापासून हे काम क्लबाच्या गळ्यात आहे. तुम्ही "गळ्यात" म्हणालात, पण ज्या आवाजात म्हणालात तो अभिमानाचा होता.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. ज्या डॉक्टरांनी केलं त्यांचे उपकार आहेतच. पण त्या वीस मिनिटांपर्यंत आईला पोचवायला तुम्हाला अडीच महिने लागले, आणि ते अडीच महिने कुठल्या बातमीत येत नाहीत. पेपरात बॅनरपुढं उभ्या राहिलेल्यांचा फोटो येतो. त्या फोटोत तुम्ही नव्हता, मी मुद्दाम पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तुम्ही समोर होता. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बया, तुमी तर माझ्यापरीस म्हाताऱ्या! आवाजावरनं तरन्या वाटलावता." तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की नर्स धावत आली.

आता खरं सांगायचं ते हुलग्यांचं. घरी आल्यावर थेंबांचा गुंता होता. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, पुढच्या आठवड्यात पाच, मग चार, असं सहा आठवडे उतरत जायचं. आईला अक्षरओळख नाही, घड्याळ जेमतेम कळतं, आणि मी पुण्याला परतणार. कागदावर लिहून चिकटवून जायचा माझा बेत होता. तो कागद तिनं वाचला कसा असता? तुम्ही दोन वाट्या मागितल्यात. एका वाटीत सहा हुलगे टाकलेत. थेंब टाकला की एक हुलगा या वाटीतून त्या वाटीत. रात्री निजताना पहिली वाटी रिकामी पाहिजे. दर रविवारी येऊन तुम्ही एक हुलगा कमी करत होता. सहाव्या रविवारी शेवटचा हुलगा आईनं स्वतः उचलून परसात पेरला. उगवला नाही, कार्तिकात कुठला उगवतोय! पण ती जागा ती अजून दाखवते.

त्या सहा आठवड्यांत वाकायचं नाही, हंडा उचलायचा नाही, चुलीपुढं बसायचं नाही. आमच्या गावात बाईमाणसाला हे सांगणं म्हणजे जगू नकोस म्हणण्यासारखंच. तुम्ही वाडीतल्या दोन सुनांशी बोललात आणि पाणी भरायची पाळी लावून दिलीत. हे क्लबाच्या कुठल्या अहवालात कुठल्या रकान्यात लिहितात ते मला ठाऊक नाही. पण माझी आई त्याच्यामुळे बरी झाली.

मार्गशीर्षातल्या प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. गुलाल-खोबरं उधळतात, ते डोळ्यात जायला नको म्हणून तुम्ही काळा चष्मा लावून लांब उभं राहायला सांगितलं होतं. आम्ही एका दुकानाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. रथ दिसल्यावर ती "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" म्हणाली, मग माझ्याकडे वळली आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू बारीक झालीस." बाई, तिनं मला किती दिवसांनी नीट पाहिलं होतं, हा हिशोब मी तिथं उभ्या उभ्या केला आणि मला रडू आवरेना.

मी पाकीट घेऊन आले होते तेव्हा तुम्ही ते परत केलंत आणि म्हणालात, "पुढच्या शिबिराला नावं लिहायला ये." आले. दिवसभर टेबलाशी बसून नावं लिहिली. त्याचवेळी एका पोराला फळ्यावरचं दिसत नव्हतं, त्याला चष्मा मिळाला, तो देवळाबाहेर जाऊन नुसता झाडाची पानं बघत राहिला. यापुढच्याही शिबिरांना मी येणार आहे, सुट्टी मागून ठेवली आहे.

आणखी एक काम आहे, आणि त्यासाठीही हे पत्र. शेजारच्या आक्कांच्या उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू आहे. त्यांची भीती आईच्या भीतीपेक्षा मोठी आहे आणि खरी आहे. आई त्यांच्याकडे दोनदा जाऊन आली. स्वतःचा डोळा दाखवला, वाट्या दाखवल्या, विमानाची काचही सांगितली. आक्का ऐकून घेतात आणि नाही म्हणतात. आई म्हणते, "तिसऱ्यांदा बाईंला घिऊन जाऊ. सूप मी देते."

रविवारी याल का?

आपली,
हुलग्यांच्या वाटीवाल्या आजींची लेक