गाडी किती वाजता येते?

नागपूर,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्याही, आणि मी इकडेच राहिले. वहिनीने घावन-घाटल्याचा फोटो पाठवला होता, तो पाहून डब्यातली मेसची भाजी तशीच ठेवली. फोनवर बाबा नुसतं "हो हो, बरं बरं" म्हणतात. ऐकू आलं की नाही ते मला कळत नाही आणि कमी ऐकू येतं हे ते कबूल करत नाहीत. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. पत्र बाबा तीनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

आई, तू विचारलंस, "डॉक्टरीण झालीस, मग पेशंट सोडून त्या पोरींच्या मागे रानोमाळ का हिंडतेस?" या वर्षी एकाच पोरीच्या मागे हिंडले. मे महिन्यात मी साताऱ्याला होते तेव्हा जिचे रोज रात्री फोन यायचे, तीच. तिचं काम आता संपत आलंय. त्यात तुमच्या दोघांचा हात किती आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. ते सांगायला हे पत्र.

आयसीएमआर म्हणजे दिल्लीची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद. १९७९ पासून त्यांची एक योजना आहे. एमबीबीएसच्या मुलांनी एखादा प्रश्न निवडायचा, आपल्याच कॉलेजातला एक गाईड धरायचा आणि दोन महिने स्वतः संशोधन करायचं. प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो आणि शेवटी दिलेला अहवालही पसंत पडावा लागतो. मग प्रमाणपत्र आणि ५० हजार रुपये मिळतात. खरं सांगायचं तर बरीच मुलं त्या प्रमाणपत्रासाठीच येतात. "मॅडम, एखादा सोपा टॉपिक द्या ना," असं तोंडावर म्हणतात. मग होस्टेलच्याच दोनशे मुलांना 'तुम्हाला अमुक आजाराची माहिती आहे का' असं विचारायचं आणि त्याचे रंगीत तक्ते काढायचे. असल्या कागदांवर मीही पूर्वी सह्या केल्यात. त्याची आता लाज वाटते.

ही मुलगी मात्र गडचिरोली जिल्ह्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या संमतीपत्रात तसं वचन दिलंय. ती आली तीच सिकलसेलचा विषय घेऊन. तिचा मामेभाऊ त्या आजाराचा. पोरगा बारावीला असताना थंडीत हातपाय दुखून इतका ओरडायचा की शेजारचे उठून बसायचे.

बाबा, सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे कळा येतात. आई आणि वडील दोघांकडूनही तो गुण आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, धडधाकट. उलट वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून तर जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया, तिथेच हा गुण टिकून राहिला. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, तसा इतर समाजांतही आहे. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा असं ठरलंय.

तपासणीत आजार निघाला, पण त्यानंतर काय? हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल रोज घ्यावी लागते, बरेचदा जन्मभर. मधून मधून रक्त तपासावं लागतं, कारण त्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. म्हणजे दवाखान्याच्या खेपा आल्या. आणि लोकांचे औषधाचे महिने चुकतात. का चुकतात, हा आमच्या मुलीचा प्रश्न. तिने पहिल्या खर्ड्याला मथळा दिला होता, 'रुग्णांमधील अज्ञान व औषधोपचारातील अनियमितता'. मी तो वाचून काही बोलले नाही. विद्यार्थ्याचं चुकलेलं लगेच खोडलं तर तो पुढच्या वेळी आपल्याला हवं तेच लिहून आणतो, हे मी आता शिकले आहे.

मे महिन्यातली ती रात्र आठवते का, बाबा? मी पडवीत बसून फोन स्पीकरवर टाकून तिची प्रश्नावली ऐकत होते. 'आपणांस या आजाराची माहिती आहे का?', 'औषध न घेतल्यास काय होते हे ठाऊक आहे का?' असे तेवीस प्रश्न. तुम्ही सुपारी कातरत होतात. एकदम म्हणालात, "त्या पोरीला विचार, गाडी किती वाजता येते? आणि परतीची किती वाजता?"

ती गप्पच झाली. मीही. बारा वर्षं मी हा विषय शिकवते आहे.

तुम्ही पुढे सांगितलंत ते मी दुसऱ्या दिवशी डायरीत उतरवून घेतलं. एसटीत वाहक म्हणून मुक्कामी गाडीवर असताना पहाटे कोण चढायचं, कोणाच्या मांडीवर तापलेलं पोर असायचं, आणि तीच माणसं संध्याकाळच्या फेरीला परत दिसली नाहीत तर तुम्ही काय समजायचात. "तिकीट फुकट असलं म्हणून माणूस पोचतोच असं नाही," म्हणालात. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत पूर्ण सवलत आहे, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. मला ते शोधावं लागलं असतं.

जुलैत काम सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मी तिला एकही फॉर्म भरू दिला नाही. एका पेशंटबाईबरोबर तिने घरापासून दवाखान्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम. पाऊस लागलेला. बाई घरातून निघाली तेव्हा उजाडलंही नव्हतं. फाट्यापर्यंत चालत, वाटेत नाला. गाडी पोचली तोवर केसपेपरची रांग दारातून बाहेर आली होती. रक्त द्यायला नंबर लागला तेव्हा सांगितलं, रिपोर्ट दुपारनंतर. आणि परतीची गाडी त्याच्या आधी. राहायचं तर व्हरांड्यात, जायचं तर काळीपिवळी जीपने स्वतःचे पैसे घालून. (तुमच्याकडचं वडाप ते इकडचं काळीपिवळी.) भाताच्या रोवणीचे दिवस, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या नवऱ्याचीही बुडाली. दोष गाडीचा म्हणावा तर नाही, दवाखान्याचा म्हणावा तर तिथली सिस्टर जेवायलाही उठली नव्हती. दोघांची वेळापत्रकं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत.

मुलगी रात्री होस्टेलवर पोचली आणि तिने मला मेसेज केला, "मॅडम, अज्ञान मथळ्यातून काढते."

आता आई, तुझं. संमतीपत्र मी तुला वाचून दाखवलं होतं ते तू विसरली असशील. 'सदर संशोधनात सहभागी होण्यास आपण स्वेच्छेने अनुमती देत असून' इथपर्यंत वाचलं तर तू म्हणालीस, "हे काय कोर्टाचं समन्स आहे?" हसलो दोघी. मग तू भाजी निवडता निवडता विचारलंस, "पण बाईने नाही म्हटलं तर तिच्या गोळ्या बंद होणार का?" मी म्हटलं, नाही गं, तसं कसं. तर म्हणालीस, "मग ते आधी सांग की. तिच्या मनात तेवढंच असणार."

ते वाक्य आमच्या छापील नमुन्यात होतं, पण दुसऱ्या पानावर, नवव्या मुद्द्यात. आम्ही ते पहिल्या ओळीत आणलं, 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं औषध चालूच राहील.' बदल केला म्हणून कागद पुन्हा एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक परवानगी देणाऱ्या समितीकडे गेले. दोन आठवडे गेले आणि मुलगी माझ्यावर वैतागली. पण गावात आशाताईने ती ओळ गोंडीत सांगितली तेव्हा बसलेल्या बायकांचे खांदे सैल पडलेले तिने स्वतः पाहिले. सातवी शिकलेल्या बाईने कमिटीला कामाला लावलं म्हणून आमच्या विभागात तुझं नाव निघतं.

मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगते. एक डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची, गडचिरोलीचीच. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगभर खेड्यातल्या बाईची तब्येत म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. दुखणं होतंच, विचारलं कोणी नव्हतं. पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये आदिवासींच्या आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आहे की देशात आदिवासी आठ-साडेआठ टक्के, पण मलेरियाने मरणाऱ्यांत निम्मे तेच. हा आकडा मी फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही. पुढचा तास घेणारे सर पुसतात.

दुसरी गोष्ट शिकागोची. १९०४ च्या डिसेंबरात वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विद्यार्थी आजारी पडून इस्पितळात आला. त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं ते अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने. विळ्यासारख्या पेशी त्याच्या नजरेला पडल्या. १९१० मध्ये जगातला पहिला निबंध निघाला, त्यावर नाव एकट्या जेम्स हेरिकचं, म्हणजे त्याच्या वरिष्ठांचं. नोएल शिकून गावी परतला, दवाखाना काढला आणि १९१६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. पेशंटही विद्यार्थी, पाहणाराही शिकाऊ. ही गोष्ट मी मुलांपेक्षा स्वतःसाठीच सांगत असेन. मी इंटर्न असताना पावसाळाभर गोळा केलेल्या माहितीवर माझ्या वरिष्ठांनी निबंध वाचला, तेव्हा मी प्रेक्षकांत बसले होते. आभारात 'आणि इतर' होतं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आई रडली असती आणि बाबा सरांना भेटायला रात्रीची गाडी पकडून आले असते.

म्हणून या निबंधावर पहिलं नाव तिचं. मी शेवटी.

सगळं चांगलंच झालं असं नाही. एका घरी एकोणीस वर्षांची मुलगी होती, आजार पक्का. तिच्या आईने रिपोर्ट तांदळाच्या कणगीत लपवलेला, कारण स्थळ येत होतं. आमच्या मुलीने उत्साहात अंगणातच नाव घेऊन हाक मारली, "सिकलसेलचे कार्ड कुठंय?" शेजारीण ऐकत होती. त्या घराचं दार पुन्हा उघडलं नाही. मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी तिला धीर दिला नाही, बाबा. नुसती शेजारी बसले. तिने चूक केली होती आणि ती तिला कळली होती, त्यावर मी आणखी काय बोलणार? त्या आईला भेटायला मी एकटी गेले. तिने पाणी दिलं, पण खाट टाकली नाही.

आणखी एक कबुली, आई. जानेवारीत तू बीपीची गोळी सोडलीस तेव्हा मी फोनवर तुला "शिकलेल्या घरात हे असलं अज्ञान" असं म्हणाले होते. शब्द तोच, अज्ञान. तू का सोडलीस ते विचारलंच नाही. परवा वहिनीने सांगितलं, त्या गोळीने सारखं लघवीला लागतं आणि देवळातल्या भजनाला अर्ध्यातून उठावं लागतं म्हणून. अगं, ती गोळी सकाळी घेता येते, बदलूनही मिळते. आल्यावर तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन सगळं नीट ठरवू. तोवर पुन्हा बंद करू नकोस.

अहवाल या महिन्याअखेर जायचा आहे. आकडे अजून मोजतोय, त्यामुळे निष्कर्ष तुम्हालाही सांगत नाही. मंजूर होईल न होईल. मुलीने एक अर्ज मात्र आधीच लिहिलाय, आयसीएमआरने मागितलेला नसताना. औषधाच्या दिवसाचं रक्त आदल्या फेरीला गावातच घ्यावं किंवा दोन महिन्यांच्या कॅप्सूल एकदम द्याव्यात, असा. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बघू." त्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये न टाकता टेबलावरच्या काचेखाली ठेवला, एवढं तिने पाहिलंय.

मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येते, तिलाही घेऊन. तिला समुद्र बघायचाय. मी म्हटलं, साताऱ्याला समुद्र नाही, पण बामणोलीला कोयनेचं पाणी आहे. आई, ती मासे खाते, पण चकल्यांचं विचारू नकोस, मला हव्यात.

बाबा, तुमची ती जुनी फेऱ्यांची वही माळ्यावर आहे का बघा. तिला पाहायची आहे. आणि अहवालात आभाराच्या पानावर तिने तुमचं नाव टाकलंय. नावापुढे 'निवृत्त एसटी वाहक' एवढं पुरे, की बिल्ला नंबरही हवा? हवा असेल तर वहिनीला मेसेज करायला सांगा. फोनवर नको, मला नीट ऐकू येणार नाही.

तुमची,
ताई