छोट्या पेटीत डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. लॅपटॉप तोच ठेवायचा, डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बाहेरच्या पेटीत बसवून त्याला जोडायचं आणि ती पेटी सॅकमध्ये मावेल एवढीच हवी, हा बेत मला मनापासून आवडला. फक्त तू आधी मोठं कार्ड मनात धरून मग त्याच्यासाठी पेटी शोधायला निघाला आहेस, तो क्रम उलटा कर. छोट्या पेटीत कार्ड ठरतं ते जागा, वीज आणि हवा यांवरून. शिवाय पेटीतून लॅपटॉपकडे जाणारी वाट इतकी अरुंद असते की फार दांडग्या कार्डाची बरीच ताकद वापरलीच जात नाही.

ती वाट किती अरुंद, ते आधी सांगतो. डेस्कटॉपमध्ये कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मशिन यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, १६ लेन मिळतात. लॅपटॉपच्या थंडरबोल्ट ३ या वेगवान पोर्टमधून मिळतात तिसऱ्या पिढीच्या ४. केबलवर सेकंदाला ४० गिगाबिट लिहिलेलं असलं तरी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात २२ गिगाबिटच्या आसपास येतात, म्हणजे सेकंदाला साधारण अडीच गिगाबाइट. काही जुन्या लॅपटॉपांत त्या पोर्टला दोनच लेन जोडलेल्या असतात, तिथे हेही निम्मं होतं. थंडरबोल्ट ४ मध्ये पीसीआयसाठी किमान ३२ गिगाबिटची अट आली, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पोर्टवर नुसतं यूएसबी ४ लिहिलं असेल तर मात्र लॅपटॉपची तपशीलवार माहिती वाच, कारण यूएसबी ४ मध्ये पीसीआयची सोय देणं लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. ऑक्युलिंक या पीसीआयच्याच वेगळ्या पोर्टवर चौथ्या पिढीच्या ४ लेन सरळ मिळतात, ६४ गिगाबिट, मध्ये कुठलंही रूपांतर नाही. यांत वेगासाठी तोच सगळ्यात चांगला रस्ता. पण ऑक्युलिंक चालू मशिनवर जोडता-काढता येत नाही आणि त्यातून लॅपटॉप चार्जही होत नाही. तुला रोज ने-आण करायची आहे, म्हणून मी थंडरबोल्टच सुचवीन.

या अरुंद वाटेचा फटका सगळ्या कामांना सारखा बसत नाही. कमी रिझोल्यूशनवर सेकंदाला शेकडो फ्रेम काढायच्या असतील तर तो जास्त जाणवतो. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डच कामात गुंतलेलं राहतं आणि फरक कमी होतो. मॉनिटर थेट कार्डाला जोड. लॅपटॉपच्याच पडद्यावर चित्र परत आणलंस तर तयार फ्रेमही त्याच केबलमधून उलट्या येतात आणि आधीच कमी असलेली जागा खातात. एआयची भाषेची मॉडेलं चालवायची असतील तर गणित वेगळं आहे. मॉडेल एकदा कार्डाच्या मेमरीत गेलं आणि पूर्ण मावलं की केबलचा वेग फारसा आड येत नाही. तेव्हा वेगापेक्षा मेमरी जास्त असलेलं कार्ड घे.

आता कार्ड. छोट्या पेटीसाठी माझी मर्यादा १६०-१७० वॅटची. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं, आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं, आरटीएक्स ४०६० टीआय १६० वॅटचं आणि त्याचं १६ जीबीचं रूप १६५ वॅटचं. याहून लहान पेटी हवी असेल तर आरटीएक्स ए२००० बघ: ७० वॅट, अर्ध्या उंचीचं, आणि वेगळी पॉवर केबल लागतच नाही, कारण ७५ वॅटपर्यंतची वीज कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटमधूनच मिळते. आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा हेही ७० वॅटमध्ये २० जीबी मेमरी देतं, पण महाग आहे. ४०६० ला मुळात आठच लेन आहेत याची काळजी करू नकोस, तुझ्या केबलमधून तशाही चारच येणार.

मापं घेताना कंपनीच्या पानावरच्या ‘टू स्लॉट’ या शब्दावर विसंबू नकोस. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, म्हणजे दोन स्लॉटचं खरं कार्ड ४०.६ मिमी. बाजारातली बरीच ‘दोन स्लॉट’ कार्डं प्रत्यक्षात अडीचची असतात, जवळजवळ ५१ मिमी, आणि छोट्या पेटीत त्या दहा मिलिमीटरवर सगळं अडतं. उंचीचंही तसंच. पूर्ण उंचीचं कार्ड मानकाप्रमाणे १११ मिमी, पण पंख्यांचं आवरण त्याच्याही वर १५-२० मिमी जातं, आणि पॉवरचा प्लग वरच्या कडेला असेल तर प्लग आणि केबलचा वळसा मिळून आणखी ३० ते ३५ मिमी सोडावे लागतात. नव्या १६-पिन कनेक्टरला तर प्लगला लागूनच केबल वाकवायची नाही, निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्यायची. ती जागा नसेल तर तिथे ८-पिनचंच कार्ड घे. लांबीला १७० मिमीच्या आसपासची एका पंख्याची कार्डं सगळ्यात सोयीची. पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचं कार्ड कापून, त्यावर प्लगची जागा आखून, पेटीत घालून बघ. प्लग आणि केबलच्या वळशाची चूक आकडे वाचताना सहज निसटते, पुठ्ठ्याने लगेच दिसते.

विजेचा भाग जरा सावकाश वाच, कारण बहुतेक पेट्या इथेच फसतात. पॉवर सप्लायवर लिहिलेले एकूण वॅट बघू नकोस, १२ व्होल्टच्या रांगेत किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. १२ व्होल्ट १८ ॲम्पिअरचा अडॅप्टर म्हणजे २१६ वॅट. काही सप्लायमध्ये १२ व्होल्ट दोन रांगांत विभागलेला असतो, तेव्हा कार्डाला ज्या रांगेतून वीज जाणार तिचाच आकडा धरायचा. मग खर्च मांड: कार्डाचे वॅट, पेटीच्या बोर्डाचे १०-१५, पंख्यांचे ५, आणि पेटी लॅपटॉपही चार्ज करणार असेल तर त्याचे ६० ते १००. हा शेवटचा आकडा हमखास विसरला जातो. यावर झटक्यांची सोय ठेवायची. कार्डाची सरासरी १६० असली तरी मायक्रोसेकंदांपुरता ओढा दुपटीपर्यंत जाऊ शकतो. पॉवर सप्लायच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात हे झटके सोसण्याची अट घातली आहे, पण छोट्या सप्लायना आणि अडॅप्टरना ती बहुधा लागू नसते. म्हणून चार्जिंगशिवाय १६० वॅटच्या कार्डाला ३०० वॅट, चार्जिंगसकट ४०० असा माझा हिशेब.

आकाराने फ्लेक्स एटीएक्स सप्लाय छान बसतो: ४०.५ मिमी जाड, म्हणजे दोन स्लॉटच्या कार्डाएवढाच, ८१.५ रुंद, १५० लांब. त्याचा तोटा म्हणजे ४० मिमीचा किरकिरणारा पंखा. एसएफएक्स हा दुसऱ्या आकाराचा सप्लाय शांत असतो, पण ६३.५ मिमी जाड, त्याने पेटी फुगते. आवाज नको असेल तर सप्लाय पेटीबाहेर ठेव, अडॅप्टरच्या रूपात. त्यातून उष्णताही बाहेरच राहते.

केबलच्या बाबतीत मात्र काटकसर नको. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या, प्लगवरून ६-पिन करणारं रूपांतर कधीच वापरू नकोस. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड ॲम्पिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. ६-पिनमधून कार्ड ७५ मागणार. प्लॅस्टिक वितळतं ते असं. प्रोसेसरचा ८-पिन आणि कार्डाचा ८-पिन दिसायला सारखे, पण त्यांची धन-ऋण जागा उलटी असते. जोर लावून बसवलास तर कार्ड जाईल. सुट्या केबलांचा सप्लाय असेल तर त्याच्याच सोबतच्या केबल वापर, दुसऱ्या कंपनीच्या केबलचा प्लग बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. पेटी धातूची असेल आणि मेनची वायर आत येत असेल तर पेटीच्या अंगाला अर्थिंग हवंच, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून. आणि सप्लायचं झाकण उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

हवेबद्दल बहुतेक जण पेटीला भोकं पाडतात आणि थांबतात. कार्डाचे पंखे हवा आत ओढतात ती पंख्यांच्या बाजूने, पण बाहेर कुठून टाकतात हे हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या, पात्यांवर ठरतं. पाती लांबीच्या दिशेला असतील तर गरम हवा ब्रॅकेटकडे (मॉनिटरचे पोर्ट असलेल्या धातूच्या पट्टीकडे) आणि शेपटाकडे जाते, आडवी असतील तर वरच्या आणि स्लॉटकडच्या कडेने. कार्ड हातात घेऊन पातींतून आरपार बघ आणि बाहेरची भोकं तिथेच पाड. काही कार्डांत सर्किट बोर्ड आखूड असतो आणि मागचा पंखा हवा थेट पाठीकडून आरपार फेकतो. त्यांना पाठीमागची भिंतही जाळीची लागते.

पंखे जाळीला अगदी टेकलेले असतील तर उत्तम. जाळी आणि पंखा यांच्यात १५-२० मिमीची पोकळी राहिली की कार्डाने टाकलेली गरम हवाच त्या पोकळीतून पुन्हा ओढली जाते, आणि बाहेर हवा गार असूनही तापमान चढत राहतं. त्यावर उपाय सोपा: पंख्याच्या कडेने फोमची पट्टी चिकटवून पोकळी बंद कर, म्हणजे पंख्याला बाहेरचीच हवा घ्यावी लागते. मला विचारशील तर या अख्ख्या कामात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा याच पट्टीने होतो. ब्लोअर पद्धतीचं कार्ड गरम हवा ब्रॅकेटमधून थेट बाहेर टाकतं, त्याला हे काही लागत नाही. बदल्यात त्याचा आवाज जास्त. बाहेर ओढणारा ८० किंवा ९२ मिमीचा पंखा लावणार असशील तर त्याचे १२ व्होल्ट सप्लायमधून घे आणि कार्डाच्या पंख्याच्या कनेक्टरवरून फक्त वेगाचा संकेत आण. त्या कनेक्टरवर जास्तीचा भार टाकू नकोस.

जोडणीचा क्रम असा. पेटीचा बोर्ड आधी पक्का कर. ब्रॅकेटचे स्क्रू आणि पेटीचे स्क्रू वेगळ्या आट्यांचे असतात, बहुधा एक ६-३२ आणि दुसरा एम३, म्हणून जोर लागतोय असं वाटलं की थांब. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाब, खटक्याचा आवाज ऐक, मग ब्रॅकेट स्क्रूने धर आणि शेपटाखाली आधार दे. पिशवीतून हलताना कार्डाचं वजन स्लॉटवर येता कामा नये. कार्ड उलटं बसवायला रायझर (स्लॉट लांबवणारी केबल) लागत असेल तर तो जितका आखूड तितका बरा, आणि घडीवर कडक दुमड नको. मग पॉवरच्या केबल, शेवटी झाकण.

थंडरबोल्टची केबल पेटीसोबत आलेलीच वापर. थंडरबोल्ट ३ च्या साध्या केबलीत पूर्ण ४० गिगाबिट अर्ध्या मीटरपर्यंतच मिळतात, थंडरबोल्ट ४ मध्ये ०.८ मीटर. त्याहून लांब हवी असेल तर ॲक्टिव्ह घ्यावी लागते. सुरुवातीला पेटी चालू कर, मग लॅपटॉप, मग केबल. विंडोज ‘हे उपकरण मंजूर आहे का’ विचारेल, त्याला होकार दे. लिनक्सवर हे काम बोल्टसीटीएल करतं. जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने साफ करून नवा टाक. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर बाहेरच्या कार्डाची सोय नाही, तेव्हा घरातल्या मॅकवर ही पेटी चालेल अशी आशा ठेवू नकोस.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ दिसला तर कार्डाला पत्त्यांची जागा कमी पडते आहे. बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अबव्ह ४जी डीकोडिंग चालू कर, ते नसेल तर लॅपटॉपचं स्वतःचं वेगळं ग्राफिक्स कार्ड बंद करून बघ. वेगाची खात्री लिंकच्या आकड्यावरून करू नकोस, थंडरबोल्टवर तो पुष्कळदा खोटा कमी दिसतो. थ्रीडीमार्क या चाचणीच्या प्रोग्राममधली पीसीआय एक्स्प्रेसची चाचणी चालव. अडीच गिगाबाइटच्या जवळ आलं तर सगळं ठीक, सव्वाच्या आसपास आलं तर दोन लेनच मिळताहेत किंवा केबल चुकीची आहे.

मग अर्धा तास पूर्ण भार. पडदा एकदम काळा होऊन कार्ड नाहीसं झालं तर आधी सप्लायवर संशय घे: कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त वॅटची मर्यादा, ७० टक्क्यांवर आण, आणि तेवढ्याने त्रास थांबला तर सप्लायच अपुरा आहे. पडदा लुकलुकतो, अधूनमधून अडखळतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए लॉगरच्या १७ क्रमांकाच्या नोंदी साचतात, तर दोष केबलचा किंवा रायझरचा. ऑक्युलिंकवर हे झालं तर आधी केबल आखूड कर, नाहीतर बायोसमध्ये तिसरी पिढी ठरवून दे. आणि पहिली काही मिनिटं छान चालून मग वेग हळूहळू उतरला तर तो उष्णतेचा परिणाम. झाकण काढून पुन्हा चालव. तापमान दहा अंशांनी उतरलं तर पेटीची भोकं किंवा ती फोमची पट्टी बघ. काहीच फरक पडला नाही तर चिप आणि हीटसिंक यांच्यातली पेस्ट बघ.

सगळं नीट चाललं तरी पॉवर लिमिट ८० टक्क्यांच्या आसपास कायमची ठेव असं मी सांगेन. वेग थोडासाच जातो, तोही केबलपुढे बहुधा लपून जातो, आणि सप्लाय, पंखे व आवाज तिन्ही निवांत होतात. केबल काढण्याआधी सगळे प्रोग्राम बंद करून उपकरण सुरक्षितपणे काढ, नाहीतर ड्रायव्हर लॉक होऊन मशिन गोठतं.

पेटीची आतली तिन्ही मापं, लॅपटॉपचं नेमकं मॉडेल आणि सप्लायच्या लेबलचा फोटो पाठव. १२ व्होल्टचा हिशेब आणि प्लगची जागा तपासून कोणतं कार्ड बसेल ते कळवतो. तोवर कार्डाचे पैसे भरू नकोस.

तुझा,
मंदार