मागच्या खोलीचं ठरवलंय

कॉव्हेंट्री, २० फेब्रुवारी २०२४

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर आई रडवेली होते नि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय. मागची खोली १ मार्चपासून भाड्याने दिली. नांदेडची मुलगी आहे, इथे शिकते, शाकाहारी. आगाऊ भाडं घेऊन झालंय, तेव्हा आता नको म्हणू नका.

माझी खोली आता तुमचीच आहे. आईची शाल, बाबांची उंच उशी मी माझ्या खोलीत आणून ठेवलीय. मे महिन्यात तुम्ही दोघं तिथे, मी सोफ्यावर. सोफा चांगला ऐसपैस आहे. हीटर रात्रभर चालू राहील. बाबांनी उठून बंद करायचा नाही.

घराच्या कर्जाचा ठरलेला दर डिसेंबरात संपला. दीड टक्क्याचे पाच झाले. बँक ऑफ इंग्लंडचाच दर २०२१ मध्ये ०.१ होता, आता ५.२५ आहे. वाढलेला हप्ता भाड्यातून निघतो, पगाराला हात लागत नाही. खरंच दुसरं काही कारण नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, मंदी आहे तर कंपन्या गब्बर कशा? मंदी गेल्या गुरुवारी जाहीर झाली, सलग दोन तिमाही अर्थव्यवस्था आकसली म्हणून. आणि शेल या तेल-गॅस कंपनीने २०२२ मध्ये जवळजवळ ४० अब्ज डॉलर कमावले, ११५ वर्षांतला उच्चांक! रशिया युक्रेनमध्ये घुसला, गॅस जगभर भडकला. समुद्रातून गॅस काढायचा खर्च काही तेवढा वाढला नाही, पण विकायचा जगाच्या भावाने. मधला फरक कंपनीचा, बिल आमचं. सरकारने जादा नफ्यावर २५, मग ३५ टक्के कर बसवला. पण तो इथल्या समुद्रातल्या तेल-गॅसपुरता, आणि शेलची बहुतेक कमाई बाहेरची. तुमच्या युनियनमध्ये यावर दोन गेटसभा झाल्या असत्या.

आई, महागाई ११.१ टक्क्यांवरून ४ वर आली म्हणजे स्वस्त झालं असं नाही गं. चढलेले भाव तिथेच आहेत, आता हळू चढतात एवढंच.

काका आपल्याकडे राहायला होता तेव्हा मी ओट्याखाली झोपायचे, आठवतं? तू उठून जाऊ नयेस म्हणून तुझ्या पदराला माझ्या फ्रॉकची गाठ मारायचे. घरात माणूस वाढल्याचा मला कधीच त्रास नाही झाला, उलट करमतं.

तुमचे पैसे ५ तारखेला येतील, तेवढेच. बाबा, ते एफडीत टाकायला पाठवत नाही मी. बीपीची गोळी अर्धी करून घेणं बंद, शेजारच्या ताईंनी सगळं सांगितलंय. गीझर लावा, लिफ्ट बंद असली तर भाजी वर मागवा. आणि मोतीबिंदू "येऊन मग बघू" नाही. तिकिटं काढलीत, रद्द केली तर पैसे बुडतील. डॉक्टरांची मार्चमधली तारीख घ्या नि मला आजच कळवा.

तुमची,
चिमी