जू, जोखड आणि शर्टाचा योक

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात शेतकऱ्याच्या मानेवर कर्जाचं जोखड अशी मोठी बातमी होती, आणि त्याच बातमीत बैलजोडीचा फोटो होता, त्याच्याखाली लिहिलेलं की बैलांच्या मानेवर लाकडी दांडा. वर हेडिंगमधे जोखड छापलंय आणि खाली तेच जोखड फोटोत समोर दिसतंय तर त्याला दांडा म्हणायचं? मला खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

मी तालुक्याच्या गावात टेलरकाम करते, वीस वर्षं झाली. शर्टाच्या खांद्यावर जो डबल कापडाचा तुकडा असतो त्याला आम्ही योक म्हणतो, सगळेच टेलर म्हणतात, फ्रॉकला पण असतो. रोज तोंडात असलेला शब्द, पण कुठून आला याचा कधी विचारच केला नव्हता. मुलगी दहावीला आहे, तिने एक दिवस डिक्शनरी बघून सांगितलं, मम्मी योक म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं जोखड. मी मशीन थांबवून तिच्याकडे बघतच राहिले, कारण अगदी बरोबर आहे ते! पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या सगळ्याचा भार त्या योकवरच असतो, अर्धा इंच जरी चुकला तरी कॉलर मागे ओढते आणि गिऱ्हाईक दिवसभर शर्ट पुढे ओढत बसतं. बऱ्याच माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो, तेव्हा त्या बाजूला योकचा उतार वेगळा कापावा लागतो.

आणि हेच माझे दादा (वडील) बैलांचं करायचे. आमचा एक बैल दांडगा होता आणि दुसरा अंगाने जरा कमी. नांगराला जुंपताना दादा जुवाच्या बरोब्बर मधे दोर बांधायचेच नाहीत, दोन बोटं दांडग्या बैलाकडे सरकवून बांधायचे, म्हणजे ओढ त्याच्यावर जास्त येते आणि दुसऱ्याला हलकं जातं. शाळा न शिकलेला माणूस हे करत होता! कोळपायचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं जू वेगळं, लांब, कारण बैलांनी पिकाच्या ओळी सोडून चालायचं असतं. जुवाच्या टोकाला खुंट्या असतात त्या शिवळा, त्यात मान अडकते, आणि मानेखालून बांधायचं ते जोतं, काही भागात सापती म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे गरम पाण्याने खांदा शेकून हळद आणि तूप चोळायचं, आणि पोळ्याला जू मानेवर ठेवायचंच नाही.

मुलीने आणि मी मिळून मग बरंच वाचलं. संस्कृतमधे जुवाला युग म्हणतात, आपलं जू त्यातूनच आलं, लॅटिनमधलं जुगुम आणि इंग्रजीतलं योक ही त्याचीच भावंडं, आणि योग हा शब्दसुद्धा त्याच युज् धातूचा, म्हणजे जोडणं. सोंगट्यांच्या खेळात एका घरात दोन सोंगट्या बसल्या की जुग झालं म्हणायचे ते पण हेच. गुलामगिरीचा अर्थ पण जुना आहे, तो खोटा नाही. इसवी सनापूर्वी ३२१ मधे इटलीत सॅमनाइट लोकांनी रोमन सैन्याला खिंडीत कोंडलं आणि सगळ्यांना जुवाखालून वाकून जायला लावलं, ते जू भाल्यांचं, दोन उभे आणि वर एक आडवा. पण मराठी बायबलमधे येशू म्हणतो की माझं जू सोयीचं आहे, म्हणजे मानेला नीट बसणारं, न काचणारं. हा अर्थ ज्याने बैल जुंपलेत त्याला लगेच कळेल, पेपरात मात्र जू आलं की ते झुगारायचंच असतं, पारतंत्र्याचं नाहीतर कर्जाचं.

कर्जाचं जोखड लिहू नका असं मी म्हणत नाही, कर्ज मानेवर बसतं हे आमच्या घराने बघितलंय. पण ट्रॅक्टर आल्यापासून गावातल्या पोरांना शिवळ माहीत नाही, माझ्या मुलीला मीच सांगितली, आणि तुम्ही पण दांडा लिहिलं तर तिने कुठे वाचायचं? येत्या पोळ्याच्या पुरवणीत जुवाचा एक मोठा फोटो छापा आणि त्यावर एकेका भागाचं नाव लिहा, आमच्याकडे काय म्हणतात, विदर्भात काय, कोकणात काय, वाचक भरभरून कळवतील. दादांचं जू अजून गोठ्यात आढ्याला टांगलेलं आहे. दोर बांधून बांधून लाकूड झिजलंय ती खाच मधे नाही, दोन बोटं बाजूला आहे. फोटो हवा असेल तर काढून पाठवते.

आपली,
एक वाचक, ता. पाथर्डी