नेत्र शिबिरात नाकालाही विचारा

मा. संपादक,

मे २०२१ मध्ये मला कोरोना झाला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. आमच्या आरवलीत सुरंगी फुलते तेव्हा झाड नजरेला पडायच्या आधीच कळते. पुढच्या फाल्गुनात सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, हातात घेतला, तर डोळ्यांना सगळे दिसत होते आणि नाकाशी शुकशुकाट. आढीतला आंबा रंगावरून उचलायचे आणि कापल्यावर तो आंबट निघायचा.

डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितले. मी त्यात आमसूल घातले. डोळे मिटून हुंगले की काहीच नाही. वळेसराकडे बघत हुंगले की मात्र आईचा अंबाडा समोर यायचा आणि क्षणभर सुरंगी आल्यासारखी वाटायची. घरचे म्हणाले, मनाचे खेळ. तसे नाही. २००४ साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी लोकांना चित्रे दाखवली, काहींबरोबर वास दिला. नंतर नुसती चित्रे दाखवली, तर वासासोबत पाहिलेली चित्रे ओळखताना मेंदूतला वासाचा भाग पुन्हा जागा झाला. हे वाचून मला रडू आले. आईचा अंबाडा मी उगाच आठवत नव्हते.

वर्षभराने आमसुलाचा वास आला, पुढे सुरंगीचाही. सगळ्यांचा येतोच असे नाही.

आमच्याकडे दर वर्षी नेत्र शिबिर भरते, ते मोलाचे आहे. शेजारच्या काकी मोतीबिंदू काढल्यावर स्वतः सुईत दोरा ओवतात. त्याच काकींच्या स्वयंपाकघरात गॅसची नळी गळत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. शाळेतून आलेल्या नातवाला दारातच वास आला. वयाबरोबर नाक मंदावते. शिवाय पार्किन्सन आणि काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात इतर लक्षणांच्या कितीतरी आधी वास कमी होऊ शकतो. मग शिबिरात नाकाची चौकशी का नको? लवंग, आमसूल, कॉफी, निलगिरी अशा चार बाटल्या पुरेत. त्यावरून रोग ठरणार नाही, पण कोणाला डॉक्टरकडे धाडायचे ते कळेल. एवढेच करा, की हुंगताना माणसाचे डोळे मिटलेले असू देत. आमसूल दिसले की माणूस आमसूलच म्हणतो. मीही म्हणत होते.

पुढच्या शिबिराला बाटल्या मी भरून देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, आरवली, ता. वेंगुर्ला